तुळईवरचा आळ

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सलाम.

फोनवर तुला काही सांगायचं म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडावं लागतं, आणि एवढं करून तू विचारतेस, "जेवलास का?" म्हणून पत्र लिहितोय. ताईला वाचायला देऊ नकोस, चष्मा लावून स्वतःच वाच.

बातमी अशी की आपल्या चर्चचं टाळं निघालं. सहा वर्षांनी! नगर समितीने इमारत ताब्यात घेतली आहे. खाली वाचनालय, वेदीच्या जागी छोटं व्यासपीठ, संध्याकाळी गाण्याचा वर्ग आणि नाटकाच्या तालमी असा बेत आहे. आणि लाकूडकाम कुणाकडे आलं असेल? तुझ्या भाच्याकडे. आजोबांनी उभं केलं, पप्पांनी डागडुजी केली, आता मी त्याची बाकं मोडतोय.

बत्तीस बाकांपैकी सहा बसायला ठेवायची, उरलेल्यांची पुस्तकांची कपाटं करायची. लाकूड असं जून आहे की रंधा नुसता घसरतो. शेवटच्या बाकाच्या पाठीवर मी लहानपणी पटाशीने कोरलेला उंदीर अजून आहे, ज्यापायी तू माझा कान पिळला होतास. ते बाक मी लहान मुलांच्या पुस्तकांकडे लावणार आहे.

बाप्तिस्म्याच्या दगडी पात्रात ओल्या छत्र्या ठेवाव्यात अशी ग्रंथपालबाईंची सूचना होती. काकू तिथेच बसल्या होत्या. म्हणाल्या, "माझ्या तिन्ही पोरांची डोकी त्यात भिजलीत. त्यात कुणाची छत्री दिसली तर मी ती मोडून ठेवीन." विषय संपला.

काकू म्हणजे चर्चची घंटा ओढणाऱ्या आपल्या घंटावाल्या काकांच्या बायको, तुझी मैत्रीण. रोज दहाच्या सुमाराला येतात, घरून आणलेली उशी बाकावर टाकतात आणि बारापर्यंत आमच्या चुका काढतात.

वर सज्ज्यावर तुझी पायपेटी चादरीखाली जशीच्या तशी आहे. गाणं शिकवणाऱ्या बाई तिच्यावर डोळा ठेवून आहेत. काय करू ते कळव.

आणखी एक गोष्ट आहे. पण ती अजून माझी मलाच पचलेली नाही, तेव्हा आज नको.

तुझा,
रंध्या

१४ फेब्रुवारी

चि. रंध्यास,
आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. चष्मा लावूनच. ताईला दिलं नाही, त्यामुळे ती दिवसभर फुगून बसली होती.

पचत नसेल तर ओकून टाक. लहानपणापासून तुझं हेच. अर्धं सांगायचं आणि उरलेल्या अर्ध्यासाठी समोरच्याला झुलवत ठेवायचं. उंदराच्या वेळीसुद्धा "कुणीतरी कोरलंय" एवढं सांगायला तू स्वतःच आला होतास, म्हणून तर सापडलास.

पेटीचं म्हणशील तर मोडून टाक. चाळीस वर्षं वाजवली, तिच्यात आता काही राम नाही. भाता फाटला असेल, पट्टे सुकले असतील. त्या गाण्याच्या बाईंना म्हणावं नवी घ्या. कुणाला वाजवून बघायला देऊ नकोस, उगाच पाय अडकायचा आणि कुणी पडायचं. तुझ्याच हाताने मोड म्हणजे मला बरं वाटेल.

काकू रोज येते हे वाचून कसंसंच झालं. माझ्याबद्दल काही विचारते का? इकडे आल्यापासून तिला लिहीन लिहीन म्हणते आणि राहून जातं. आम्ही शाळेत एका बाकावर होतो, ठाऊक आहे ना तुला? तिला सांग मी बरी आहे. नको, तू काही सांगू नकोस. मीच लिहीन.

इथे तुझ्या ताईच्या घरी तिसरा मजला आहे. मी खाली उतरत नाही. खिडकीतून समोरचं दुधाचं दुकान दिसतं तेवढं जग मला पुरतं.

तुझी,
आत्या

२० फेब्रुवारी

ती. आत्यास,
सलाम.

तू म्हणालीस ओकून टाक, तर घे.

मागच्या महिन्यात आम्ही छताखालच्या तक्तपोशीच्या फळ्या उतरवल्या आणि मी पहिल्यांदा वर चढून मधली मोठी तुळई हाताने चाचपली. तीच तुळई, जी कधीही कोसळेल म्हणून चर्च बंद झालं. आत्या, तिला काहीही झालेलं नाही. मी टोकापासून टोकापर्यंत हातोडीने ठोकत गेलो, एका ठिकाणीही पोकळ आवाज आला नाही. पटाशी मारली तर उलट पटाशीचीच धार गेली. वरच्या अंगाला आजोबांची खूण आहे, त्रिकोण आणि त्यात एक रेघ. कालच कोरल्यासारखी.

सहा वर्षांपूर्वी प्रार्थनेच्या वेळी वरून करकर आवाज येतो, अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा पाळकसाहेबांनी मलाच बोलावलं होतं. त्या रविवारी मी मुद्दाम मधल्या रांगेत उभा राहिलो. सगळे मान खाली घालून गप्प होते आणि वरून खरंच आवाज आला. लांबट, कण्हल्यासारखा. उपासना सुटल्यावर शिडी लावली, खालून पटाशी खुपसली, ती दोन बोटं आत गेली आणि भुसा पडला. मी म्हटलं झालं, वाळवीने खाल्ली.

वाळवी लागली होती ती खालून शोभेला मारलेल्या फळीला. वर जायचं झडप खिळ्यांनी बंद होतं. ते उघडायला फार तर एक तास लागला असता. पण त्या दुपारी एका बंगल्याच्या जिन्याचं काम बोलायला जायचं होतं आणि मला उशीर होत होता. मी चार ओळी लिहून दिल्या. त्या चार ओळींवर चर्चच्या कचेरीने टाळं लावलं. ज्याच्या आजोबांनी तुळई चढवली तोच म्हणतोय ती गेली, मग आणखी कुणाला विचारायचं?

पुढचं तुला माहीत आहे. चाळीस माणसं होती ती पांगली. कुणी नदीपलीकडच्या चर्चमध्ये जायला लागली, कुणी कुठेच नाही. टाळं लागल्यावर तीन महिन्यांनी घंटावाले काका गेले. जन्मभर दुसरं कुणी गेलं की घंटा ओढली, त्याचं जितकं वय तितके टोल. त्यांच्यासाठी एकही टोल झाला नाही, कारण दोरी आत आणि टाळं बाहेर. निरोपाची प्रार्थना भाड्याच्या हॉलमध्ये झाली. जिना इतका अरुंद की शवपेटी वळेना, उभी करून उतरवावी लागली. खालच्या बाजूला मी होतो. काकू सगळ्यांदेखत म्हणाल्या, "चला, कधी कुणापुढे वाकले नाहीत, जाताना पण उभेच गेले." लोक हसले. मला ते हसू अजून ऐकू येतं.

आता त्या रोज समोर बसतात. काल विचारलं, "तुळई पार गेली होती ना रे?" मी म्हटलं, "हो, पार." त्यांनी मान हलवली, म्हणाल्या, "मग इलाज नव्हता."

त्यांना सांगू का, आत्या? तू त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस. तू म्हणशील तसं करेन.

पेटी अजून मोडलेली नाही.

तुझा,
रंध्या

५ मार्च

चि. रंध्यास,
आशीर्वाद.

सांगू नकोस.

त्या बाईने मनाची समजूत घातली आहे, ती उसवून तुला काय मिळणार? तुझ्या मनावरचं ओझं उतरेल आणि तिच्या छातीवर बसेल. चर्च तसंही बंद पडलंच असतं. चाळीस माणसं म्हणतोस, त्यातली तीस साठीच्या पुढची होती. आज ना उद्या टाळं लागणारच होतं. आता तिथे पोरं पुस्तकं वाचतील, गाणी म्हणतील. त्यात वाईट काय आहे? झालं ते झालं.

आणि तुझी चूक म्हणशील तर तू आवाज ऐकलास, भुसा पाहिलास, लिहिलंस. तुझ्या जागी कुणीही तेच केलं असतं. स्वतःला इतकं खाऊ नकोस.

पेटी लवकर मोड. किती वेळा सांगायचं?

तुझी,
आत्या

१९ मार्च

ती. आत्यास,
सलाम.

तुझं पत्र आलं आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं. आत्याच म्हणते सांगू नकोस, मग मी कोण? पण हे हायसं वाटणं चार दिवससुद्धा टिकलं नाही.

आमच्या वास्तुविशारदबाईंना तुळई फार आवडली. म्हणाल्या, झाकायची नाही, तेल पाजून उघडी ठेवायची, सभागृहाची शोभा आहे ती. म्हणजे मी जिला मेली म्हणून लिहून दिलं, ती आता सगळ्यांना दिसणार. दुसऱ्या दिवशी काकू आल्या, उशी टाकली, वर बघितलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग विचारलं, "ही नवी का रे?"

मी म्हटलं, "नवीच."

"जुनीसारखीच दिसते."

"मुद्दाम तशी केली."

"गुणाचा आहेस," म्हणाल्या. आत्या, त्या मला गुणाचा म्हणाल्या! त्या दिवशी मी जेवायला घरी गेलो नाही.

मग डोक्यात आलं की आजोबांची खूण कुणाला दिसली तर बिंग फुटेल. रंधा घेऊन मचाणावर चढलो. दोन हात मारले असते की खूण साफ. रंधा खुणेवर टेकवला आणि हात पुढे सरकेना. तसाच खाली उतरलो. आमचा रंगारी म्हणाला, "काय, चक्कर आली का?" मी म्हटलं, हो.

आता जे सांगायचं आहे ते नीट ऐक आणि मनाला लावून घेऊ नकोस.

गाण्याच्या बाईंनी पेटी मोडू दिली नाही. म्हणाल्या, असा सूर आता कुठे मिळतो, दुरुस्तच करून द्या. मी भात्याला ठिगळ लावलं, पट्टे बदलले आणि बघावं म्हणून तुझ्या स्टुलावर बसलो. दोन्ही पेडलं मारली, भाता नीट भरला. मग उजव्या पायातला जोडा पट्ट्यात अडकला म्हणून नुसतं डावं पेडल दाबलं. हळू.

तोच आवाज आला. लांबट, कण्हल्यासारखा. आणि पेटी पायाखाली आहे हे माहीत असूनही मी मान वर करून तुळईकडे बघितलं!

एकाच बाजूने दाब आला की डावा सांधा ओढला जातो, तिथून सज्ज्याची फळी करकरते. खाली बसलेल्याला ते डोक्यावरून आल्यासारखं वाटतं. कुणाच्या ध्यानात येणार? तुला तर नाहीच. तू बिचारी पुढच्या गाण्याच्या तयारीत असायचीस.

मी हे कुणालाही सांगणार नाही. तुझं नाव यात कुठेही येता कामा नये. चाळीस वर्षं फुकट वाजवलंस त्याचं हे फळ नको. जे काय आहे ते माझ्या माथी असू दे. उद्घाटन १ मे रोजी आहे. आदल्या दिवशी जुन्या मंडळींना जागा बघायला आणि एकदा प्रार्थना करायला बोलावलं आहे. तेव्हा मी गप्पच राहीन असं दिसतंय.

तुझा,
रंध्या

११ एप्रिल

चि. रंध्यास,

तीन कागद फाडले. हा चौथा.

मला माहीत होतं.

तू मला बिचारी म्हणालास म्हणून लिहितेय. शिव्या दिल्या असत्यास तर कदाचित गप्प बसले असते.

शेवटच्या दीड वर्षात माझे गुडघे गेले होते. उजवा तर वाकायचाच नाही. कुणाला कळू दिलं नाही. लोक म्हणायचे, बाईंची भक्ती बघा, सगळ्यांच्या आधी येतात, सगळ्यांच्या नंतर जातात. कसली भक्ती! सज्ज्याच्या एकोणीस पायऱ्या मी बसून चढत होते, एकेक. खाली कुणी नसताना चढायचं आणि कुणी नसताना उतरायचं.

प्रार्थना संपली की आमेनच्या पाठोपाठ गाणं उचलावं लागतं. पूर्वी चार हिसके मारले की भाता भरायचा. पाय गेल्यावर ते जमेना, पहिली ओळ रिकामी जायची. म्हणून मी प्रार्थना चालू असतानाच डाव्या पायाने हळूहळू हवा भरून ठेवायला लागले. सगळ्यांचे डोळे मिटलेले. कुणी बघत नाही.

करकर होते हे मला पहिल्याच रविवारी कळलं. कानाला आणि तळपायालासुद्धा. मला वाटलं, खाली जात नसेल. मग कुजबुज सुरू झाली की तुळई वाजते. तू मधल्या रांगेत येऊन उभा राहिलास, ते मी वरून पाहिलं. रंध्या, तू कान टवकारून उभा होतास आणि मी पाय उचलला नाही. थांबवला असता तर गाणं चुकलं असतं आणि विचारलं असतं सगळ्यांनी, बाईंना काय झालं?

तू भुसा दाखवलास तेव्हा मला वाटलं, खरंच वाळवी असेल, आवाज माझा असला तरी. असं स्वतःला सांगितलं. पण बाबांनी ती तुळई निवडताना मी सोबत होते. सात वर्षांची होते. अंगणात पाच ओंडके पडले होते, त्यातल्या प्रत्येकाला कान लावून ते ऐकत होते. मला म्हणाले, हा तुझ्या नातवंडांनाही पुरेल. त्या तुळईवर मी आळ येऊ दिला. आणि टाळं लागलं त्या रविवारी घरी बसले तेव्हा मला काय वाटलं माहीत आहे? सुटले असं वाटलं. आता पायऱ्या चढायला नकोत. काका जाईपर्यंत तीन महिने मी अगदी सुखात होते. हे मला कुणी माफ करू नये.

त्यांच्या निरोपाला मी आले नव्हते, आठवतं? ताप आहे म्हणून कळवलं होतं. ताप नव्हता. काकूसमोर उभं राहायची छाती झाली नाही. महिन्याभरात ताईकडे निघून आले. म्हणूनच तिला पत्र लिहिणं राहून जातं, आणि म्हणूनच पेटी मोड म्हणून तुझ्या मागे लागले होते. तुला सांगू नकोस म्हटलं तेही तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी.

आता सांगते ते कर. मला आणायच्या भानगडीत पडू नकोस, तीन मजले उतरणं होणार नाही. जुनी मंडळी जमली की त्यांना त्यांच्या त्यांच्या जागी बसव. प्रार्थना सुरू झाली की तू वर माझ्या स्टुलावर बस आणि डावं पेडल मार. हळू. तो आवाज त्यांना तोंडपाठ आहे. मग हे पत्र वाचून दाखव. सगळं, तिसऱ्या महिन्यापर्यंतच्या सुखासकट. तुझ्या चार ओळींचं तू सांगायचं की नाही ते तू ठरव. माझं लपवू नकोस.

आत्या

२ मे

ती. आत्यास,
सलाम.

तू सांगितलंस तसंच केलं.

छत्तीस माणसं आली होती. बाकं सहाच, म्हणून उरलेल्यांना खुर्च्या मांडल्या, पण जो तो आपापल्या जुन्या जागेवरच गेला. काकू उजवीकडे, घंटेच्या दोरीजवळ. भोवती कपाटं, निम्मी रिकामी, निम्म्यांत पुस्तकं. पाळकसाहेब काठी टेकत आले होते. त्यांनी प्रार्थना सुरू केली आणि मी वर तुझ्या स्टुलावर.

वरून नुसते केस दिसत होते. पांढरे, विरळ, एखादं टक्कल. मी डावा पाय दाबला. करकर झाली आणि सगळ्यांनी एकदम माना वर केल्या. छत्तीस चेहरे, डोळे उघडे, तुळईकडे. पाळकसाहेबसुद्धा. मी पुन्हा दाबला. मग एकेक चेहरा तुळईवरून सरकत माझ्याकडे वळला.

मी कठड्याला धरून उभा राहिलो. आधी माझं सांगितलं. तुळई नवी नाही, तीच आहे, तिला तेव्हाही काही झालं नव्हतं, झडप उघडायचा मी कंटाळा केला आणि गेल्या महिन्यात काकूंच्या तोंडावर खोटं बोललो. मग तुझं पत्र वाचलं. "सुखात होते" ही ओळ गिळावीशी वाटली, पण वाचली.

एक आजोबा उठून निघून गेले, ते परत आले नाहीत. पाळकसाहेब हातांनी तोंड झाकून बसले होते. मी खाली उतरलो आणि काकूंसमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, काकू, काय शिक्षा द्यायची ती द्या.

त्यांनी उशी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "त्यांचे टोल राहिलेत. एकाहत्तर."

दोरी त्यांनीच माझ्या हातात दिली. मी ओढायला लागलो आणि त्या मोठ्याने मोजायला लागल्या. तिसाव्याला तळहात सोलले. पन्नासाव्याला रंगारी पुढे आला, म्हणाला, मी घेतो. काकू म्हणाल्या, "हात लावायचा नाही." रस्त्यावर माणसं थांबली होती, दारात गर्दी झाली. साठाच्या पुढे त्यांचा आवाज बसला, तेव्हा बाकीच्यांनी मोजायला सुरुवात केली. एकाहत्तरावा झाला. काकूंनी माझ्या हातातून दोरी काढून घेतली, हुकाला गुंडाळली, अगदी काका गुंडाळायचे तशी, आणि उशी उचलून घरी गेल्या.

काल उद्घाटन झालं. भाषणं झाली, माझं कौतुक झालं. हाताला पट्ट्या होत्या, त्यामुळे टाळ्या वाजवायची वेळ आली नाही ते बरं. गाण्याच्या बाईंच्या मुलांनी पेटीवर दोन गाणी म्हटली. मी सांधा दुरुस्त केला नव्हता, त्यामुळे मध्येच करकर झाली, पण नवीन लोकांपैकी कुणीच वर बघितलं नाही. खूण मी उघडी ठेवली आहे. काकू आल्या नाहीत.

आज सकाळी दहाला आल्या. बाकावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "तिला लिहिणारच असशील तर कागदाच्या खाली जागा सोड." ही सोडलेली जागा. काय लिहिलंय ते मी वाचलेलं नाही.

तुझा,
रंध्या

तुझ्या भाच्याचे हात बरे होतील. मला अजून राग आहे आणि तो इतक्यात जायचा नाही, तेव्हा लगेच उत्तर लिहून माफी मागत बसू नकोस. एकच विचारायचं आहे. चाळीस वर्षं मी खाली आणि तू वर. गुडघ्यांचं एका शब्दाने मला का नाही बोललीस? मी आले असते ना वर. तू वाजवलं असतंस आणि खाली बसून पेडल मी मारलं असतं.